सुपारीची चंदी

वीस ऑक्टोबर. सकाळपासून जवस निवडत बसले आहे. सुपात पाखडायचं, खडे काढायचे, मग जाड बुडाच्या पातेल्यात भरपूर पाणी घालून दाणा फुटेपर्यंत, बुळबुळीत होईपर्यंत उकळायचं. जवस घोड्याला कच्चं द्यायचं नाही, हे मी गेली तीस वर्षं लोकांना सांगते आहे आणि लोक अर्धं ऐकून निघून जातात. काल असेच एक गृहस्थ मोटारसायकलवरून आले. त्यांच्याकडे लग्नाच्या दोन घोड्या आहेत. म्हणाले, "ताई, तुमच्या घोड्या काचेसारख्या दिसतात. काय घालता?" मी म्हटलं, "पाणी." ते हसले. "ते झालंच हो, पण चमकीसाठी?" मी म्हटलं, "चमकीसाठी आधी लीद बघा. जंत असतील तर तुपात बुडवली तरी घोडी चमकणार नाही." त्यांचा चेहरा पडला. मग इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला आणि विचारलं, "पुडी वगैरे काही...?" मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. ते गेल्यावर ठरवलं, की हे एकदा लिहून टाकायचं. तोंडी सांगून माझा घसा गेला.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. देवळाली कॅम्पात बाजाराच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांना टेकून पत्र्याची पागा. पागा म्हणजे फार मोठा शब्द झाला. एक घोडी आडवी झाली की उरलेल्या जागेत मी आणि झाडू मावत होतो. स्वयंपाकाची खोली आणि पागा यांच्यामध्ये एकाच विटेची भिंत होती, त्यामुळे आई भाकरी थापायची त्याच्या जोडीला पलीकडून हरभरा चावल्याचा आवाज यायचा. तो आवाज ज्यांनी ऐकलेला नाही त्यांना सांगून कळणार नाही. दगडी पाट्यावर कुणी सावकाश, मन लावून काहीतरी वाटत बसावं तसा तो असतो. तो आवाज थांबला की आई हातातलं पीठ तसंच ठेवून ओरडायची, "सुजे, बघ गं, का थांबली?" तोफखान्याचा सराव सुरू असला की फळीवरचे डबे हलायचे, पॅसेंजर गेली की खिडकीची काच वाजायची. घोडीला यातल्या कशाचंच काही वाटायचं नाही. तोफेला ती कान हलवायची नाही, पण गल्लीत फुगेवाला आला की मागच्या भिंतीला जाऊन चिकटायची.

तिचं नाव सुपारी. भाजक्या सुपारीच्या रंगाची होती म्हणून. हल्ली हे नाव सांगितलं की लोक दचकतात, त्याला माझा इलाज नाही. माझं नाव सुजाता. बुद्धाला खीर देणाऱ्या बाईचं नाव बाबांनी हौसेनं ठेवलं आणि मी आयुष्यभर घोड्यांना कोंडा कालवला.

आजोबा लष्कराच्या घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार होते. त्यांनी घराला दुसरं काही ठेवलं नाही, पण नियम ठेवले. आधी पाणी, मग गवत, मग चंदी. घोड्याच्या दाण्याला चंदी म्हणतात. चंदी पोटात गेल्यावर तासभर कामाला जुंपायचं नाही. एका वेळी पोटभर घालण्यापेक्षा चार वेळा ओंजळभर घालायचं, कारण घोड्याचं पोट म्हशीचं नाही. बाबा स्टेशनवरून कॅम्पात टांगा हाकायचे. फौजींची कुटुंबं, त्यांच्या लोखंडी पेट्या, वळकट्या. पण मी सांगते आहे त्या वर्षी स्टेशनाबाहेर रिक्षांची रांग टांग्यांच्या रांगेपेक्षा लांब झाली होती, आणि त्यातच पावसाळ्यात टांग्याचं चाक निखळून बाबांचा उजवा खांदा मोडला. हात गळ्यात अडकवून ते ओट्यावर बसून राहायचे आणि जाणाऱ्या रिक्षांकडे बघायचे. एके दिवशी जेवताना म्हणाले, "टांग्यात आता राम नाय. घोडी लग्नाला लावू."

आई म्हणाली, "आपली घोडी लग्नाला कोण सांगतं?"

"नंबरातली असली की सांगतात."

नंबर म्हणजे देवळा तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेतला. तिथे कार्तिकात घोड्यांचं प्रदर्शन भरतं. तीन नंबर काढतात. ज्या घोडीला फीत मिळते तिला घोटीपासून सटाण्यापर्यंतची नवरदेव मंडळी शोधत येतात. बाबांनी त्याच जेवणात पुढचंही सांगून टाकलं. नंबर आला तर सुपारी राहील. नाही आला तर तिथल्या तिथे गिऱ्हाईक बघून द्यायची. बसून खाणारं जनावर आणि बसून खाणारा माणूस, दोन्ही एका घरात परवडत नाहीत. हे बोलताना त्यांनी स्वतःच्या खांद्याकडे बघितलं. मी विचारलं, "चंदी कोण बघणार?" ते म्हणाले, "माझा हात असा. तूच बघ."

बारावीनंतर मी घरीच होते आणि माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. त्यात माझं लक्ष नव्हतं. सुपारी माझ्या हातात आली आणि मला पहिल्यांदा वाटलं, की आता आपल्याला काहीतरी काम आहे.

दीड महिना हातात होता. वेळ वाईट होती, कारण दिवाळीच्या सुमाराला घोड्याला थंडीची लव यायला लागते आणि अंग मखमलीऐवजी घोंगडीसारखं दिसतं. मी पहिल्या दिवशी चंदी वाढवली नाही. तिची लीद पिशवीत घालून कॅम्पातल्या जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हाताऱ्यासारखे दिसणारे एक तरुण गृहस्थ होते. त्यांनी लीद बघितली, मग मला बघितलं, आणि म्हणाले, "पहिल्यांदाच कुणीतरी लीद घेऊन आलंय. लोक घोडा मरायला टेकला की येतात." त्यांनी जंताचं औषध दिलं. आठ दिवसांनी मी कोंडा वाढवला, मग भिजवलेला हरभरा ओंजळीनं, मग एक दिवसाआड उकडलेलं जवस. घोटीकडून डोंगरातलं वाळलं गवत यायचं ते मी मुठीत घेऊन हुंगून बघायचे. बुरशीचा वास आला तर गवतवाल्याशी भांडायचे. सैंधवाचा खडा दोरीनं टांगून ठेवला. आणि खरारा. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास, त्यानंतर गवताचा पिळून केलेला बोळा घेऊन पाठीवर, पुठ्ठ्यावर म्हणजे मागच्या मांसल भागावर थापायचं. माझ्या दंडांना गाठी आल्या. आई म्हणायची, "पाहुणे बघायला आले तर बाह्या लांब घाल."

घरात त्या दीड महिन्यात जे शिजलं ते निम्मं घोडीचंच होतं. जवस उकळलं की घरभर ओल्या लाकडासारखा वास सुटायचा. त्यातलंच मूठभर भाजून आई लसूण-मिरचीची चटणी करायची. बाबा बाजरीच्या भाकरीबरोबर ती खायचे आणि म्हणायचे, "आज घोडीच्या पानात जेवलो."

मध्ये दसरा आला. आमचा दसरा दीक्षेचा. पांढरी साडी, विहारात वंदना, घरी खीर. गल्लीचा दसरा वेगळा. गल्लीला पूजेला घोडा लागायचा आणि गल्लीत घोडा एकच, तो आमचा. त्यामुळे दर दसऱ्याला सकाळपासून बायका ताट घेऊन पागेच्या दारात. हळदीकुंकू, आपट्याची पानं, आणि नैवेद्याची पुरणपोळी घोडीच्या तोंडात. एकीनं एक दिली तरी गल्लीत पंधरा घरं. हरभऱ्याचं पुरण, गूळ, मैदा, वर तूप. आदल्या वर्षी सुपारी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट धरून लोळली होती आणि सगळ्यांनी मान डोलावून म्हटलं होतं, की सणाला जनावरालाही जास्त होतंच.

या वर्षी मी दारात आडवी बांबूची काठी घातली. शेजारच्या शकूकाकू पहिल्या आल्या.

"बाजूला हो गं, नैवेद्य दाखवू दे."

"दाखवा. पण खायला घालू नका."

"देवाचं आहे, सुजा."

"देवाचं आहे ना? मग मला द्या, मी खाते."

त्यांना वाटलं मी थट्टा करते. मी त्यांच्या हातातून पोळी घेतली आणि तिथेच खाल्ली. त्यानंतर जी आली तिची पोळी मी खाल्ली. पाचवीपर्यंत मी उभी होते, सहावीपासून बाबांना हाक मारली. "घोडीचा नैवेद्य पोरीनं खाल्ला" हे वाक्य त्या गल्लीत माझं लग्न ठरेपर्यंत चाललं. शकूकाकूंनी माझ्याशी बोलणंच सोडलं. सुपारी दुसऱ्या दिवशी ठणठणीत होती. लोळायची पाळी माझी होती.

पण अंगावर चमक येत नव्हती, हे खरं आहे आणि ते लपवायचं नाही. तीन आठवडे झाले, चार झाले. बरगड्या झाकल्या गेल्या, मान भरली, चाल हलकी झाली, पण केस होते तसेच. खालून नवी लव येत होती आणि वर जुने केस लटकत होते. मी आमच्या दोन गोधड्या जोडून तिला झूल शिवली, म्हणजे ऊब राहून लव कमी येईल. बाबा दिवसातून एकदा पागेच्या दारात येऊन उभे राहायचे, बघून जायचे. खाण्याचा परिणाम केसावर दिसायला महिना-दोन महिने लागतात हे आज मला ठाऊक आहे. तेव्हा ठाऊक नव्हतं. तेव्हा मला रोज सकाळी वाटायचं, की आपण नापास होणार.

आईनं न सांगता तिच्या भावाला, दामूमामाला, निरोप धाडला.

दामूमामा म्हणजे घोडेवाल्यांतलं मोठं नाव. स्वतःकडे घोडा नाही, पण जिल्ह्यात कुणाचाही घोडा जत्रेला जायचा असला की मामाला बोलावणं. मामा यायचा, घोड्याच्या अंगावरून डोळे फिरवायचा आणि टोपीच्या घडीतून वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी काढायचा. पुडीत काय असतं हे कुणी विचारायचं नाही, मामा सांगायचा नाही. गुळाच्या लिंबाएवढ्या गोळीत पुडीतलं कणभर. तीन आठवड्यांत घोडा आरशासारखा. आमच्याकडे सुपारीच्या आधी शेवंती होती. मी तेव्हा शाळेत होते. मामानं तिला असंच तयार केलं होतं. तिच्या अंगात बघून बाबा मिशी पिळायचे आणि तिला जत्रेत दुसरा नंबर मिळाला होता. जत्रेनंतर पुडी बंद झाली. मग शेवंतीचे केस गळायला लागले. पागा मी झाडायचे. झाडूला केसांचे पुंजके लागायचे, खुरांना भेगा पडल्या, तोंडातून लाळ, आणि होळीच्या आधी ती गेली. सगळे म्हणाले, नजर लागली. एवढी चमकणारी घोडी, हजार माणसांनी बघितली, नजर लागायचीच. आमच्या घरात गंडेदोरे चालत नव्हते, देव्हारा नव्हता, बाबांनी दीक्षेच्या प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या होत्या. पण नजर मात्र लागली. तिला कुणी घराबाहेर काढलं नव्हतं.

मामा रविवारी दुपारी आला. आईनं सुकट केली होती. मामानं सुपारीला बघितलं आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. "अंग हाय. पण पाणी नाय अंगावर." बाबांकडे वळून म्हणाला, "पाहुणं, तीन आठवडं मला द्या."

बाबांनी मान हलवली. मामानं गूळ मागितला. मी आणून दिला. मामानं पुडी उघडली, झाडूची एक काडी मोडून तिच्या टोकावर कणभर पांढरं उचललं, गुळात खोचलं, गोळी वळली आणि ताटलीत ठेवली. मग उठून मोरीत गेला. राखेनं हात धुतले. परत राख घेतली, परत धुतले. तिसऱ्यांदा नखांत राख घालून धुतले. मग आईनं ठेवलेल्या चहाला हात लावला.

लहानपणीही मी हे बघितलं असणार. पण तोपर्यंत मी चार आठवडे रोज लीद चिवडली होती, आणि जेवायच्या आधी नुसत्या पाण्यानं हात धुऊन जेवत होते.

"मामा, हात का धुतले एवढे?"

"घोड्याची घाण लागती."

"घोड्याला तुम्ही अजून हात लावला नाही."

मामानं कप खाली ठेवला. "लय डोळं हायेत हिला."

"ह्यात काय असतं?"

"मसाला."

"मग बोटानं का नाही उचलला? आई मसाला बोटानंच घालते."

आई आतून म्हणाली, "सुजे, गप."

मामा हसला, बाबांकडे बघून. "बारावी झाली म्हून मामाला शिकवती. अगं, तू चड्डीत होतीस तवा मी घोडी नंबरात आणत हुतो. शेवंती कुणी आणली?"

"आणि नेली कुणी?"

"नजर लागली तिला!"

"नजर नाही लागली," मी म्हटलं, "पुडी लागली."

पलीकडे सुपारी गवत ओढत होती, तेवढाच आवाज. आई बाहेर आली. तिच्या हातात कालथा होता आणि ती तो माझ्यावर उगारणार हे स्पष्ट होतं. मी ताटलीतली गोळी उचलून मामाच्या पुढे धरली.

"मसाला असेल तर घ्या. गुळाबरोबर गोड लागेल. तुमच्याही अंगावर पाणी चढेल."

मामानं गोळीकडे बघितलं. ती माझ्या उघड्या हातावर होती. तो पटकन म्हणाला, "खाली ठेव. हात धू आधी."

हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं आणि बाबांनी ते ऐकलं. बस, तेवढंच झालं. मामाला जे बोलायचं नव्हतं ते तो काळजीपोटी बोलून गेला. आज मला त्याचा तेवढा एक चांगुलपणा मान्य आहे. पुडीत सोमल, म्हणजे आर्सेनिक, असतो हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. कणभर दिला तर कातडी तकाकते, रोज दिला तर आतून कुजवतो, बंद केला तरी जनावर ढासळतं. पण त्या दुपारी मला सोमल हा शब्द माहीत नव्हता आणि त्याची गरजही पडली नाही.

मामा न जेवता गेला. पुडी आणि गोळी कागदात गुंडाळून घेऊन गेला. भाऊ उपाशी गेला म्हणून आई रडली आणि मला म्हणाली, "तुझं तू वाढून घे." जत्रेपर्यंत मी माझं वाढून घेतलं.

बाबा रात्रीपर्यंत ओट्यावर होते. मी हात धुऊन धुऊन लाल केले होते. आत येऊन ते म्हणाले, "मामा उपाशी गेला. हे बरं नाय झालं."

"नाही झालं."

"पुडी नको. पण मग नंबर नाय आला तर घोडी तिथंच द्यायची. मी गिऱ्हाईकाशी बोलीन. तू तिथं तोंड उघडायचं नाय. रडायचं नाय, भांडायचं नाय. कबूल?"

"कबूल."

कार्तिकात आम्ही सुपारीला कांद्याच्या ट्रकमधून नेलं. देवळ्याकडून कांदा भरून आलेले ट्रक नाशकात रिकामे होऊन परत जायचे, त्यातला एक. ट्रकभर कांद्याची सालं उडत होती. जत्रेत उतरवली तेव्हा सुपारीच्या आयाळीत, माझ्या वेणीत, बाबांच्या गळ्यातल्या झोळीत सालं. मी तिला तिथल्या विहिरीवर पाणी पाजलं, खरारा केला, बोळा मारला. निघायच्या आधीच्या आठवड्यात तिच्या पुठ्ठ्यावर एक झाक यायला लागली होती, तांब्याच्या भांड्याला चिंच लावून पहिला हात फिरवल्यावर येते तेवढी. माझ्या दृष्टीनं ती खूप होती. रिंगणात उभी राहिल्यावर कळलं की ती काहीच नव्हती. माझ्या डाव्या हाताला एक काळा घोडा होता. त्याच्या कुशीत मला माझी ओढणी दिसत होती. त्याच्या मालकाच्या मागे दामूमामा उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

बाबांचा हात अजून वर जात नव्हता म्हणून घोडी मीच धरली. रिंगणात बाई नव्हती. कडेला बसलेल्यांपैकी एकजण ओरडला, "घोडी दाखवायची की पोरगी?" हशा पिकला. मी त्याच्याकडे वळून म्हटलं, "तुझ्या दातांकडं बघून सांगते कुणाला दाखवायचं ते." दुप्पट हशा पिकला. बाबांनी कडेवरून खूण केली, तोंड बंद. मी बंद केलं.

तीन पंच होते. त्यातल्या म्हाताऱ्यानं सुपारीचे केस उलटे सारून बघितले, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, चारही खूर उचलले, तिला दोनदा पळवून बघितली. म्हणाला, "अंग लय चांगलं. खूर तर नवे. पण चमक बेताची." काळा घोडा पहिला आला. सुपारी चौथी. चौथ्याला काहीच नसतं.

बाबांनी मला विचारलंसुद्धा नाही. तिला झाडाखाली बांधली आणि गळ्यात पेंढ्याची वेणी घातली, म्हणजे विकाऊ. चार-पाच जण बघून गेले. मग पांढऱ्या टोपीतला एक सटाण्याकडचा बागाईतदार आला. त्यानं सुपारीचे दात बघितले, पोटाखाली हात फिरवला, पाठीवर हाताचा दाब दिला. जाणकार होता.

"घोडी बेस शे," तो म्हणाला. "चंदी काय देतस?"

बाबा म्हणाले, "हरभरा."

"कितला? भिजेल का भाजेल?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी सुपारीच्या आयाळीतली कांद्याची सालं काढत होते.

"भिजवलेला... दोन शेर असंल."

"दिनमा कितला टाइम?"

"दोनदा. तीनदा."

"दोन का तीन?" बागाईतदार आता बाबांकडे नीट बघायला लागला. "जवस देतस ना? केसवर दिसस. कच्चं का उकडेल?"

बाबा म्हणाले, "सुजे, सांग की."

मी बाबांकडे बघितलं. मग जमिनीकडे बघितलं. तोंड उघडायचं नाही असं कबूल केलं होतं, मी उघडलं नाही.

"अगं, बोल की! मी सांगतो, बोल."

मी सालं काढत राहिले. तुम्हाला वाटेल मी हे ठरवून केलं. नव्हतं ठरवलं. मला एवढंच कळत होतं, की ज्या तोंडाला बंद राहायला सांगितलं त्याच तोंडाकडून विकायच्या वेळी चंदीचा हिशेब मागायचा असेल तर तो मिळणार नाही. भिजवलेला हरभरा चार वेळा, एकेक ओंजळ. जवस उकडलेलं, एक दिवसाआड. सगळं माझ्या जिभेवर होतं. मी दात आवळून धरले.

"पोर मुकी शे का?" बागाईतदारानं विचारलं.

बाबांचा चेहरा लाल झाला. "मुकी नाय. फार बोलते."

"मंग आते का नई बोलत?" त्यानं एकदा घोडीकडे, एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघितलं. "भाऊ, घोडी तुमची ना? मालकलेच चंदी माहीत नई, पोर बोलत नई. काही तरी खोड शे. मी नई लेत." आणि तो गेला. पुढच्या झाडाखाली त्यानं आमच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. संध्याकाळपर्यंत सुपारीजवळ दुसरं कुणी थांबलं नाही.

परत येताना ट्रक कांद्यानं भरलेला होता आणि सुपारीसाठी मागे जेमतेम जागा. मी तिच्याजवळ उभी, बाबा पुढे ड्रायव्हरजवळ. चांदवडचा घाट उतरून चहाला थांबलो तेव्हा बाबा मागे आले. माझ्या हातात कप दिला आणि विचारलं, "कितीदा देतेस गं चंदी?"

"चारदा."

"एवढं बोलली असतीस तर गेली असती घोडी."

"म्हणून तर नाही बोलले."

कप परत घेऊन गेले. त्यांना राग आला होता का, हे मी कधी विचारलं नाही. लोकांना वाटतं, अशा वेळी बापानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवावा. माझ्या बापाचा एक हात मोडलेला होता आणि दुसऱ्यात दोन कप होते.

त्या काळ्या घोड्याचं पुढे काय झालं ते मी बघायला गेले नाही. पुढच्या वर्षी जत्रेत तो नव्हता. त्याला नजर लागली, असं दामूमामानं आईला सांगितल्याचं मी ऐकलं. सुपारी मात्र मार्गशीर्ष संपेपर्यंत अशी तकाकली की शकूकाकू स्वतःहून बोलायला आल्या. जत्रा झाल्यावर सहा आठवड्यांनी. घोड्याच्या केसाला पंचांग कळत नाही.

पण ते नंतरचं. जत्रेहून आम्ही घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. आईनं दोघांनाही वाढलं. मलाही. काय झालं ते कुणी विचारलं नाही. घोडी परत आली होती, त्यातच सगळं आलं. चाक बसवून आणलेला टांगा पावसाळ्यापासून भिंतीला उभा होता, त्यावर वाळवणाच्या गोधड्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचला उठले. सुपारीला पाणी पाजलं, गवत घातलं, मग चंदी. गोधड्या काढल्या, चाकांना वंगण घातलं, लगाम फडक्यानं पुसला. चंदीनंतर तासभर थांबले. त्या तासात बाबा ओट्यावर येऊन बसले. बघत राहिले, पण काय करतेस असं विचारलं नाही. आई दारातून म्हणाली, "अगं, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "बसायचं असेल ते भाडं विचारतील." मग घोडी जुंपली, चाबूक खुंटीवरच राहू दिला आणि स्टेशनवर गेले.

रिक्षावाल्यांच्या रांगेतला पुढचा ओरडला, "ए सुजा, टांगा कुठं घेऊन आलीस? बाबा कुठंय?"

"घरी."

"मग हाकणार कोण?"

"तू उतर, मी तुझी रिक्षासुद्धा हाकते," मी म्हटलं, आणि टांगा त्याच्या रिक्षाच्या पुढे, दरवाज्याच्या तोंडाशी लावला. पॅसेंजर फलाटाला लागत होती.